पुरानंतर घरातील हवा कशी स्वच्छ करावी? वणाकाठच्या एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

आपण लिहिले आहे की वणा नदीचे पाणी घरात अडीच फूट चढले आणि दीड दिवसाने ओसरले. आता आठवडा उलटला तरी कुबट वास जात नाही, मागच्या खोलीच्या भिंतींवर काळे-हिरवे ठिपके आले आहेत, आईंना दम्याचा त्रास आहे आणि फुगलेले प्लास्टर खरडायला गवंडी परवापासून येणार आहे. अशा वेळी कोणता एअर प्युरिफायर घ्यावा, की एका परिचिताने सुचवल्याप्रमाणे ओझोनचे यंत्र एका रात्रीसाठी भाड्याने आणावे, असा आपला प्रश्न आहे. पुराने आणि आगीने खराब झालेली घरे व गोदामे पुन्हा वापरण्याजोगी करण्याचे काम मी विदर्भात बरीच वर्षे करीत आहे, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

ओझोनचे यंत्र आणू नये, प्युरिफायर आजच घेण्याची घाई करू नये आणि गवंड्याला काही दिवस थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या घरातील हवा आज खराब आहेच, पण ती सर्वांत जास्त खराब होईल ती प्लास्टर खरडण्याच्या दिवशी. भिंतीवर बसलेल्या बुरशीला कोणी हात लावत नाही तोवर तिचे बीजाणू हवेत मर्यादित प्रमाणात येतात; तिच्यावर खरवडणी किंवा कोरडा खराटा फिरला की ते एकदम उधळतात आणि धान्यावर, कपड्यांवर, पुराचे पाणी जिथे पोहोचलेही नव्हते अशा खोल्यांत जाऊन बसतात. त्यामुळे यंत्र कोणते घ्यावे यापेक्षा त्या दिवशी त्या खोलीतील हवा कोणत्या दिशेने वाहणार, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

त्या हवेत काय असते ते आधी पाहू. एक म्हणजे बुरशीचे बीजाणू, साधारण २ ते १० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे, आणि बुरशीच्या धाग्यांचे त्याहूनही बारीक तुकडे. दुसरी म्हणजे गाळाची धूळ. नदीचे पाणी गावात शिरते तेव्हा ते गटारे, उकिरडे, गोठे आणि शौचालयांचे खड्डे धुऊन आलेले असते, त्यामुळे वाळलेल्या गाळाची धूळ ही वावरातल्या धुळीसारखी निरुपद्रवी समजू नये. तिसरी गोष्ट म्हणजे वायू आणि वाफा: बुरशीचा कुबट वास, कुजलेल्या धान्याचा वास आणि घरात औषधे ठेवलेली असतील तर त्यांच्या वाफा. बाजारातला चांगला प्युरिफायर पहिल्या दोहोंवर उत्तम काम करतो, तिसऱ्यावर फारसे नाही, आणि बुरशीला पोसणाऱ्या भिंतीतल्या ओलीवर तर मुळीच नाही.

काळ्या ठिपक्यांबद्दल आपण विशेष काळजी व्यक्त केली आहे, कारण २०२१ साली कोरोनानंतर झालेल्या काळ्या बुरशीच्या आजाराची आठवण अजून ताजी आहे. तो आजार, म्हणजे म्युकरमायकोसिस, वेगळ्या गटातल्या बुरशींमुळे होतो. त्याला काळे म्हटले गेले ते रुग्णाच्या शरीरातला मृत झालेला भाग काळा पडत असल्यामुळे. त्या बुरशीचा रंग स्वतः पांढुरका किंवा राखाडी असतो. भिंतीवर दिसणारे काळे डाग सहसा दुसऱ्याच बुरशींचे असतात आणि रंगावरून त्यांचा धोका ठरवता येत नाही. तपासणीसाठी नमुने पाठवण्यावर खर्च करू नये, असेही मी सुचवीन. घरातील हवेत किती बीजाणू चालतात याची सर्वमान्य मर्यादा ठरलेली नाही, आणि बुरशी डोळ्यांना दिसत असताना करायचे काम अहवाल काहीही आला तरी तेच राहते. मात्र घरात मधुमेह आटोक्यात नसलेली, कर्करोगाचे उपचार घेणारी किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारी व्यक्ती असेल तर तिने या घरात स्वच्छता पूर्ण होईपर्यंत पाऊल ठेवू नये. आईंच्या दम्याच्या औषधांत तोंडावाटे घ्यायच्या स्टिरॉइडच्या गोळ्या असतील तर त्यांनाही हे लागू होते. एरवीही दम्याच्या रुग्णाने अशा घरात राहू नये, म्हणून त्यांची सोय आजच नातेवाइकांकडे करावी.

आता एक गोष्ट, जी आपल्या प्रश्नात नाही, पण शेतकऱ्याच्या घरात मी सर्वांत आधी विचारतो. फवारणीची औषधे, उरलेल्या बाटल्या आणि धान्यात ठेवायच्या गोळ्या घरात कुठे होत्या? २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासून वावरातल्या काळजीबद्दल बरेच बोलले जाते. परंतु माळ्यावर किंवा पलंगाखाली ठेवलेल्या अर्धवट बाटल्यांचा विचार पुराच्या गडबडीत राहून जातो. धान्यातल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर ओलाव्याशी संपर्क येताच फॉस्फीन हा विषारी वायू सोडतात. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम वायू निघतो आणि बंद खोलीत तेवढा जीवघेणा ठरू शकतो. त्याला लसणासारखा किंवा सडलेल्या मासळीसारखा वास येतो. असा वास जाणवला, किंवा गोळ्यांची भिजलेली डबी सापडली, तर काहीही न हाताळता बाहेर पडावे, दारे-खिडक्या उघड्या ठेवून सर्वांना दूर न्यावे आणि कृषी सहायकाला किंवा पोलिसांना कळवावे. कोणताही साधा मास्क किंवा प्युरिफायर या वायूपासून वाचवत नाही. हा प्रश्न आधी निकालात निघाल्याशिवाय पुढचे काहीही सुरू करू नये.

यापुढचे बरेचसे आपले घर कसे आहे यावर अवलंबून आहे आणि ते आपण लिहिलेले नाही. भाजलेल्या विटांची सिमेंटमध्ये बांधलेली भिंत, मातीत रचलेली विटांची भिंत आणि पूर्ण मातीची जुनी भिंत या तिन्ही वेगवेगळ्या तऱ्हेने पाणी धरतात. मातीच्या भिंतीवर नंतर सिमेंटचे प्लास्टर चढवलेले असेल, जसे आपल्याकडे पुष्कळ घरांत असते, तर वरून कोरडी दिसणारी भिंत आतून महिनोन्महिने ओली राहते. अशा भिंतीला आधी अभियंत्याने किंवा जाणत्या गवंड्याने पाहिले पाहिजे, कारण तिथे हवेपेक्षा भिंत टिकण्याचा प्रश्न मोठा असतो. काळ्या जमिनीवरच्या घरांत पाया बराच काळ ओला राहतो आणि खालून ओल चढत राहते. छत कवेलूचे असेल तर हवा वरून आपोआप खेळते, स्लॅबचे असेल तर कोंडते. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते ॲस्बेस्टॉसचे असण्याची बरीच शक्यता असते. ते फोडू नयेत, त्यांना भोके पाडू नयेत, कोरड्या ब्रशने घासू नयेत; काढावेच लागले तर पाण्याने भिजवून, अखंड उतरवावेत.

भिजलेले सामान बाहेर काढणे ही हवेच्या स्वच्छतेची खरी सुरुवात आहे, आणि त्याआधी तलाठ्याकडून पंचनामा झालेला असावा किंवा निदान प्रत्येक वस्तूचे व भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो काढून ठेवावेत. ओल्या वस्तूवर बुरशी २४ ते ४८ तासांत धरू लागते, त्यामुळे आठवडाभर भिजत राहिलेल्या कापसाच्या गाद्या, उशा, प्लायवूडची कपाटे, पुठ्ठे आणि फोमच्या खुर्च्या वाचवण्याचा मोह सोडावा. गोधड्या आणि कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळले तर ठेवता येतात. सागवानी दारे, पलंग आणि लोखंडी सामान पुसून, वाळवून वापरता येते. भिजलेल्या गव्हाची आणि तुरीची पोती घरात ठेवू नयेत. भिंतीच्या मागे कुटाराचा, म्हणजे गुरांच्या सुक्या भुसकटाचा, ढीग असेल तर तोही पाहावा. भिजलेले कुटार आतून तापते आणि त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे शेतकऱ्यांना फुप्फुसाचा एक विशिष्ट आजार होतो, हे वैद्यकशास्त्रात फार पूर्वीपासून माहीत आहे. घर पुसून काढले तरी वास का जात नाही, असे ज्यांनी मला विचारले त्यांच्यापैकी काहींच्या घरी वास येत होता तो खिडकीला लागून असलेल्या कुटारातून, आणि एका घरी भिंतीत बसवलेल्या लाकडी फडताळाच्या मागच्या फळीतून.

सामान निघाल्यावर गाळ काढायचा, तोही ओला असतानाच. वाळला असेल तर पाणी शिंपडून भिजवावा आणि मग फावड्याने उचलावा. कोरडे झाडणे पूर्ण बंद ठेवावे. साधा व्हॅक्यूम क्लीनरही वापरू नये, कारण त्याची पिशवी जाड धूळ धरते आणि सर्वांत बारीक कण मागच्या बाजूने पुन्हा खोलीत फेकते.

मग येतो खरडण्याचा दिवस. खळ्यावर धान्य उपणताना आपण आधी वाऱ्याची दिशा पाहतो, कारण भुसा रास सोडून दुसरीकडे पडायला हवा. इथेही विचार तोच आहे. खराब खोलीतून हवा सतत बाहेर ओढली गेली पाहिजे, म्हणजे स्वच्छ भागातील हवा खराब खोलीकडे वाहील आणि उलट कधी वाहणार नाही. त्यासाठी त्या खोलीचे घराच्या आतल्या बाजूचे दार जाड प्लास्टिकने झाकावे आणि चिकटपट्टीने कडा बंद कराव्यात. खाली एखाद्या वितीएवढी फट ठेवावी, जेणेकरून ओढलेल्या हवेच्या जागी हवा येत राहील. ये-जा बाहेरच्या दाराने करावी, आणि ते दार एरवी लोटलेले असावे. समोरच्या खिडकीत बाहेर फेकणारा पंखा बसवावा.

बाहेर फेकणारा मोठा पंखा विकत आणायची गरज सहसा पडत नाही, कारण विदर्भात घरोघरी कूलर असतो. त्याच्या तिन्ही बाजूंच्या ताट्या काढून टाकाव्यात, पंपाची वायर सोडवावी, टाकी कोरडी करावी आणि कूलर खोलीच्या आत, खिडकीला लावून, तोंड बाहेर करून ठेवावा. भोवतीची जागा पुठ्ठ्याने किंवा प्लास्टिकने बंद करावी. मोठ्या कूलरचा पंखा ताशी काही हजार घनमीटर हवा ओढतो, आणि १२ बाय १२ फुटांच्या, १० फूट उंच खोलीत एकूण हवा असते ती सुमारे ४१ घनमीटर. म्हणजे दर मिनिटाला निदान एकदा तरी खोलीची हवा बदलते. त्या मानाने कोणताही घरगुती प्युरिफायर फार मागे पडतो. मोटर पुरात बुडालेली असेल तर मात्र वायरमनने तपासून दिल्याशिवाय ती चालू करू नये. खालच्या उंचीवरच्या भिजलेल्या बोर्डांबद्दलही हेच.

व्यवस्था नीट झाली की नाही ते पाहायला उदबत्ती पुरते. दारापाशी ठेवलेल्या फटीजवळ पेटलेली उदबत्ती धरावी. धूर खराब खोलीकडे खेचला गेला तर दिशा बरोबर आहे, आपल्याकडे आला तर कुठेतरी दुसरी वाट उघडी राहिली आहे. पंखा चालू असताना घरात चूल किंवा शेगडी पेटवू नये, कारण तिचा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड वर जाण्याऐवजी घरात ओढला जातो. हवा बाहेर फेकली जाईल त्या दिशेला शेजाऱ्यांचे अंगण, विहीर किंवा गुरांचा गोठा येत नाही ना, हेही पाहावे. आपल्या घरातली घाण शेजारच्या म्हाताऱ्या माणसाच्या ओसरीवर सोडून आपले घर स्वच्छ झाले असे म्हणता येत नाही.

खरडण्यापूर्वी भिंतीवर हातपंपाने पाण्याची बारीक फवारणी करावी. आधीच ओल्या भिंतीवर आणखी पाणी कशाला, असे गवंडी म्हणेल. परंतु वरचा थर ओलसर असला तर धूळ खाली पडते, हवेत राहत नाही, आणि एवढ्याशा पाण्याने भिंतीच्या ओलीत काही भर पडत नाही. हा पंप फवारणीच्या औषधाचा नसावा. प्लास्टर पाण्याच्या रेषेच्या वर किमान एक-दीड फुटापर्यंत काढावे, कारण ओल रेषेपेक्षा वर चढलेली असते. पडलेला मलबा लगेच पोत्यात भरून, तोंड बांधून, बाहेरच्या दाराने न्यावा. घरातून, माजघरातून तो नेऊ नये.

काम करणाऱ्या प्रत्येकाला, गवंड्यालाही, एन-९५ किंवा आयएस ९४७३ या भारतीय मानकाची एफएफपी-२ खूण असलेला मास्क द्यावा. दुपट्टा किंवा कापडी मास्क बीजाणूंना आणि सिमेंट-वाळूच्या बारीक धुळीला अडवत नाही. दाढी वाढलेली असेल तर मास्क चेहऱ्याला चिकटत नाही आणि हवा कडेने आत जाते. मजूर मास्क नको म्हणतात ते बहुधा उकाड्यामुळे. अर्ध्या-पाऊण तासाने बाहेर येऊन पाणी पिण्याची मुभा दिली की ते तयार होतात, असा माझा अनुभव आहे. रोजंदारीवर आलेल्या माणसाची फुप्फुसे ही घरमालकाची जबाबदारी आहे, असे मी मानतो.

काम संपले की पंखा लगेच बंद करू नये. शांत हवेत ३ मायक्रॉनचा कण १० फूट खाली यायला सुमारे ३ तास घेतो आणि १ मायक्रॉनचा कण एका दिवसाच्या आसपास. म्हणून संध्याकाळपर्यंत पंखा चालू ठेवावा, रात्रभर खोली बंद ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व पृष्ठभाग, छतासकट, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने वरून खाली पुसावेत. फडके वारंवार धुवावे. हेच एकदा पुन्हा करावे. प्युरिफायरने जे होत नाही ते या दोन पुसण्यांनी होते, कारण खाली बसलेला कण यंत्रापर्यंत पोहोचतच नाही.

बुरशी मारण्यासाठी ग्रामपंचायतीकडून मिळालेली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर वापरावी का, असे बहुतेक जण विचारतात. फरशी, टाइल, प्लास्टिकची भांडी आणि लोखंडी सामानाला गाळ धुऊन झाल्यावर तिचे पातळ द्रावण ठीक आहे; मात्र लोखंड लगेच धुऊन कोरडे करावे, नाहीतर ते गंजते. प्लास्टर, लाकूड आणि मातीत तिचा परिणाम वरवरच राहतो, पाणी तेवढे आत मुरते. शिवाय मेलेल्या बुरशीचे कणही दमेकऱ्याला तितकाच त्रास देतात, तेव्हा ती मारण्यापेक्षा काढून टाकणे महत्त्वाचे. टीसीएलमध्ये किंवा कोणत्याही ब्लीचमध्ये संडास साफ करायचे ॲसिड कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात त्याने माणूस बेशुद्ध पडू शकतो.

कडुनिंबाचा पाला, गोवऱ्या किंवा लोबान यांची धुनी देण्याची पद्धत आपल्याकडे आहे आणि त्यामागची भावना मी समजतो. डासांसाठी अंगणात धूर करण्याला माझा विरोध नाही. मात्र घराच्या आत धूर केल्याने वास दबतो, ओल तशीच राहते आणि दम्याच्या रुग्णाच्या श्वासात आणखी बारीक कणांची भर पडते.

ओझोनच्या यंत्राला मी ठाम नकार का दिला ते सांगतो. ओझोन हा श्वसनमार्गाला झोंबणारा वायू आहे. भारताच्या २००९ च्या हवा गुणवत्ता मानकांत त्याची ८ तासांची सरासरी मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. बुरशीवर काही परिणाम व्हायचा तर त्याच्या कितीतरी पट प्रमाण लागते, आणि तेवढे करूनही प्लास्टरच्या आत वाढलेल्या बुरशीपर्यंत तो पोहोचत नाही. एका रात्रीत वास गेल्यासारखा वाटतो, कारण ओझोन काही वासांच्या रेणूंशी अभिक्रिया करतो आणि आपले नाकही काही काळ बधिर करतो. भिंत ओली असेल तर थोड्याच दिवसांत वास परततो. वास ही मला तर उपयोगी खूण वाटते: तो जिथे आहे तिथे ओल आहे. ती खूण पुसून टाकल्यावर ओल शोधणार कशी?

आता वाळवण्याबद्दल, कारण इथेच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. दिवसरात्र खिडक्या उघड्या ठेवा म्हणजे घर वाळेल, हा सल्ला वैशाखात योग्य आणि श्रावणात अर्धवट योग्य आहे. पावसाळी सकाळी बाहेर २५ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दर घनमीटर हवेत सुमारे २१ ग्रॅम पाणी आधीच असते. डिसेंबरच्या दुपारी २८ अंश आणि ३५ टक्के आर्द्रता असेल तर तेच साडेनऊ ग्रॅमच्या आसपास येते. पहिली हवा भिंतीतून जवळजवळ काहीच शोषून घेत नाही, दुसरी झपाट्याने घेते. म्हणून झड लागलेली असताना आणि रात्री, बाहेरची हवा आतल्यापेक्षा दमट असेल तर, खिडक्या लावून ठेवाव्यात. उघाड मिळाली, ऊन पडले, की दुपारी सर्व दारे-खिडक्या उघडून पंखे भिंतीच्या दिशेने लावावेत. काही शे रुपयांत मिळणारे आर्द्रता व तापमान दाखवणारे छोटे यंत्र आणावे आणि आत-बाहेर दोन्ही आकडे पाहावेत. फक्त टक्के पाहू नयेत. तापमान बदलले की त्याच टक्क्यांत पाण्याचे प्रमाण बदलते. बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड असून टक्केवारीही तेवढीच किंवा कमी असेल, तर ती आत घेणे नक्कीच फायद्याचे.

कूलर पाण्यासह चालवून हवा खेळती ठेवण्याचा प्रकार मी अनेक घरांत पाहिला आहे. त्याने घरात तासाला कित्येक लिटर पाणी वाफेच्या रूपाने सोडले जाते, तेव्हा भिंती पूर्ण वाळेपर्यंत ते करू नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून भिंती शेकणे तर जीवावर बेतू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच माणसाला गाठतो. जनरेटरही घरात किंवा ओसरीवर लावू नये. घरात एसी असेल तर स्वच्छता पूर्ण झाल्यावर तो ड्राय मोडवर चालवावा, आधी चालवल्यास धूळ त्याच्या कॉइलमध्ये अडकून पुढे वर्षभर वास देते. डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारे यंत्र, मिळाला तर खिडक्या बंद ठेवून वापरावा. खिडक्या उघड्या असतील तर तो गावाची हवा वाळवत बसेल. भारनियमनाचा विचार करता, वीज असेल त्या तासांत पंखे आणि तो यांनाच प्राधान्य द्यावे.

नऊ इंची विटांची भिंत वाळायला आठवडे नव्हे, महिने लागतात. भिंत वाळली का ते पाहण्यासाठी दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावे. आत दव धरले तर ओल आहे. माझ्या मते आपण नवे प्लास्टर आणि रंग दिवाळीनंतरच करावा. तोपर्यंत उघड्या विटा वाईट दिसतील, सणाला पाहुणे नाव ठेवतील, पण ओल्या भिंतीवर पुट्टी आणि ऑइल पेंट चढवला तर पुढच्या पावसाळ्याची वाट न पाहता बुरशी परत येईल. शक्य असेल तर आतून चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी करावी. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि त्याच्या अल्कधर्मी गुणामुळे बुरशी सहजासहजी धरत नाही.

प्युरिफायरची वेळ येते ती इथे, खरडणे आणि पुसणे आटोपल्यावर, भिंती वाळत असतानाच्या काळात. तो आईंच्या झोपायच्या खोलीत ठेवावा. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. फिल्टर खरा हेपा असावा, म्हणजे अमेरिकी मानकाप्रमाणे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के किंवा एच-१३ वर्गाप्रमाणे ९९.९५ टक्के कण धरणारा. नुसते "हेपासारखा" असे लिहिलेले यंत्र घेऊ नये. स्वच्छ हवेचा त्याचा ताशी आकडा, ज्याला सीएडीआर म्हणतात, तो खोलीच्या घनमीटरच्या किमान पाचपट असावा. वरच्या ४१ घनमीटरच्या खोलीला सुमारे २०० ते २५० चालेल. आणि आयोनायझर, म्हणजे हवेतील कणांना विद्युतभार देणारा भाग, असेल तर तो बंद करता यावा, कारण काही आयोनायझर थोडा ओझोन तयार करतात. कार्बनचा फिल्टर असला तर चांगले, पण दमट हवेत त्याची वास शोषण्याची क्षमता घटते, म्हणून त्यावर फार पैसे घालू नयेत. यंत्र भिंतीपासून हातभर दूर ठेवावे आणि फिल्टर बदलताना मास्क घालून, अंगणात, पिशवीत बांधून टाकावा. पैशांची अडचण असेल तर प्युरिफायर सोडून द्यावा. आर्द्रतामापक, मास्क, प्लास्टिक आणि आपलाच कूलर यांनी बहुतेक काम होते.

आईंना परत आणण्याची घाई करू नये. खोलीतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली सलग काही दिवस राहिली, दार रात्रभर बंद ठेवून सकाळी उघडल्यावर कुबट वास आला नाही, आणि पुसलेल्या जागी नवे ठिपके दिसले नाहीत, म्हणजे आणायला हरकत नाही. सुरुवातीला दिवसाचे काही तास त्यांना तिथे बसू द्यावे आणि रात्री नातेवाइकांकडेच झोपू द्यावे. दम्याचा पंप (इनहेलर) घेण्याची गरज एरवीपेक्षा वाढली, किंवा रात्री खोकल्याने जाग येऊ लागली, तर घर अजून तयार नाही असे समजून त्यांना पुन्हा बाहेर ठेवावे व त्यांच्या डॉक्टरांना पुराबद्दल आणि बुरशीबद्दल स्पष्ट सांगावे. ताप, धाप आणि अंगदुखी एकत्र आली तर त्याच दिवशी दाखवावे, कारण पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसचाही, म्हणजे उंदरांच्या व गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या आजाराचाही, विचार करावा लागतो. भिंती मातीत बांधलेल्या आहेत की सिमेंटमध्ये, आणि छत कशाचे आहे, ते कळवल्यास परवा गवंड्याशी काय बोलायचे ते मला अधिक नेमके सांगता येईल.